पलीकडचा धूर

निळ्या आभाळाची शपथ, चुलीची शपथ, माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! आमच्याकडे चहात मीठ घालतात; ज्याला खोटं वाटेल त्याच्या चहातलं ते मीठ उडून जावो आणि त्याला आयुष्यभर अळणी चहा प्यावा लागो.

तर माझे डोळे. तरुणपणी माझे डोळे असे होते की कड्यावर बसलेला गरुड मला बघून मान फिरवायचा. लाज वाटायची त्याला. मी तंबूच्या दारात उभी राहून सांगायचे, तो लांबून स्वार येतोय ना, त्याच्या खोगिराचा पट्टा उसवलाय. माझा नवरा मुकाट्याने सुई-दोरा काढून ठेवायचा. आणि चहा मी इतक्या आधी टाकायचे, की स्वार दारात येऊन पाहुण्याच्या रीतीने "कुत्रं धरा!" म्हणून ओरडेपर्यंत तो तीनदा निवून तीनदा गरम झालेला असायचा.

मग नवरा गेला. मुलं शहरात गेली, ती तिकडचीच झाली. शेजारपाजारचे तंबू एकेक करून उठले. कोणाची जनावरं बर्फात मेली, कोणाला शाळेजवळ राहायचं होतं. शेवटी अख्ख्या खोऱ्यात दोनच तंबू उरले. नदीच्या अलीकडे मी, पलीकडे न्याम्बू.

न्याम्बू आणि मी बोलत नव्हतो. का, ते ऐका. एका लग्नात मी आइराग नेलं होतं. घोडीचं दूध, माझ्या हाताने घुसळून घुसळून आंबवलेलं. या बाबाने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि अख्ख्या वऱ्हाडासमोर म्हणाला, "दोल्गोर, हे प्यायला आणलंस की कातडी कमवायला?"

सगळे हसले. नवरीसुद्धा हसली, मेली.

मी म्हटलं, "पी की. तुझ्या जिभेचं कातडं आधीच कमावलेलं आहे, तिला काय होतंय!"

तेव्हापासून एक शब्द नाही. तो त्याच्या शेळ्यांशी बोलायचा, मी माझ्या. पण धूर होता. सकाळी उठून चूल पेटवली की धुराडं बोलायला लागतं. माझा धूर वर गेला की त्याला कळायचं, म्हातारी अजून आहे. त्याचा गेला की मला कळायचं. ठरवलं कोणीच नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं, की एखाद्या सकाळी धूर निघाला नाही तर राग बाजूला ठेवून नदी ओलांडायची. रात्री आजारी पडून झोपले की मला तेवढाच एक आधार असायचा. त्या धुराशिवाय मला दुसरं माणूस नव्हतं.

आणि त्यात शर्यत होती. ज्याचा धूर आधी, तो जिंकला. मी जिंकले की दिवसभर गुणगुणत असायचे. तो जिंकला की मी शेळ्यांना शिव्या द्यायचे.

मग गेल्या हिवाळ्यापासून मी हरायलाच लागले. रोज. दार उघडून बघावं तर नदीपलीकडे त्याचा पांढरा ठिपका आणि वर त्याचा धूर हजर. मी लवकर उठले, तरी हजर. आणखी लवकर उठले. चांदण्या विझल्या नव्हत्या, कुत्र्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. तरी याचा धूर हजर! म्हटलं हा झोपतो तरी कधी? ओल्या शेणाने चूल रात्रभर धुमसत ठेवतो की काय? लबाड कुठला! मीही इरेला पेटले. दुप्पट शेण्या घालायला लागले. एकदा तर एवढा धूर केला की वरून जाणारे बगळे खोकायला लागले. दोन तर चक्क माझ्या दारात उतरले, पाणी मागायला.

उन्हाळा सरत आला तेव्हा सेंद आली. सेंद म्हणजे आमची नर्स. मोटरसायकलवरून तंबू तंबू फिरते. पन्नाशीची आहे, पण जीभ सोळा वर्षांची. चहा घेता घेता म्हणाली, "दोल्गोर आजी, तालुक्याच्या शाळेत डोळ्यांचे डॉक्टर आलेत. फुकट तपासतात, चष्मा देतात. चला, मागे बसा."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"हो का? मग माझ्या हातात काय आहे सांगा."

"वाळवलेल्या दह्याचा खडा. मीच दिलाय ना तुला आत्ता."

"आजी, हा दगड आहे. मी मघापासून चोखतेय."

आता आमच्याकडचं वाळवलेलं दही दगडाइतकंच कडक असतं, तेव्हा ही चूक कोणाचीही होईल. मी तसं तिला सांगितलंही. पण मनात आलं, चष्मा मिळाला तर न्याम्बूची लबाडी तरी पकडता येईल. बसले मागे. ती बाई मोटरसायकल अशी चालवते की आम्ही शाळेत पोचलो आणि आमची सावली अर्ध्या तासाने आली, धापा टाकत.

शाळेच्या वर्गात रांग होती. माझ्यापुढचा म्हातारा भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. मी कान देऊन पाठ करून टाकली. माझी पाळी आली तशी खुर्चीत बसले आणि धडाधड म्हणून दाखवली, वरून खालपर्यंत.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती, शहरातली, नोमीन नावाची. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान, आजी. पण तक्ता मी मघाशीच बदललाय."

मागची रांग हसली. मी म्हटलं, "मग आधीचा बरा होता. हा कशाला लावलास?"

तिने डोळ्यांत उजेड टाकला, भिंगं लावली, काढली, पुन्हा लावली. म्हणाली, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन करावं लागेल. पुढच्या वर्षी आमची मंडळी परत येतील तेव्हा करू. उजव्याला मात्र चष्म्याने लांबचं बरंच दिसेल. लांबचं काय बघायचं असतं तुम्हाला? जनावरं?"

"जनावरं माझ्यापेक्षा शहाणी आहेत, तीच मला बघतात. मला नदीपलीकडचा म्हातारा बघायचाय. रोज माझ्या आधी चूल पेटवतो. कशी, ते पकडायचंय."

नोमीन हसली. "चष्मा देते. शेजाऱ्याच्या लबाडीवर औषध नाही माझ्याकडे."

मोठ्या खोक्यात चष्मेच चष्मे होते. दूरदेशीच्या लोकांनी वापरून दिलेले, धुऊन पुसून, एकेका पिशवीत घालून नंबर लावलेले. माझ्या नंबराच्या जवळपासचा एकच निघाला. लाल, दोन्ही कोपरे वर गेलेले, आणि कोपऱ्यांवर चमचमते खडे. एक खडा पडलेला.

"कोणाचा हा?"

"माहीत नाही, आजी. कोण्या बाईने दिलाय."

"मेली का ती?"

"नवा घेतला असेल हो!"

"हा असा टाकून नवा घेतला? मग हौसच दांडगी बाईला."

घातला. आणि काय सांगू तुम्हाला! खिडकीबाहेर खुंटाला घोडे बांधले होते. त्यांच्या पुठ्ठ्यांवरचे डाग दिसले. एकेकाच्या शेपटीत अडकलेलं कुसळ दिसलं. पलीकडच्या डोंगरावर एक बकरी दुसऱ्या बकरीबद्दल काय विचार करत होती ते दिसलं. मला वाटलं, त्या बाईने या काचांतून कोणाकोणाची वाट बघितली असेल? आणि ते सगळे आले म्हणून चष्मा देऊन टाकला, की कोणीच आलं नाही म्हणून?

बाहेर सेंद म्हणाली, "अगं बाई, आजी! लग्नाला निघालात की काय?"

"चल घरी. मला पहाटे उठायचंय."

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी उठले. चूल पेटवली नाही. आधी बघायचं, मग पेटवायची. चष्मा घातला आणि दार उघडून बसून राहिले. उजाडलं. नदी दिसली, नदीतला एकेक दगड दिसला. पलीकडचा काठ दिसला.

पांढरा ठिपका तंबू नव्हताच. न्याम्बूची जुनी पांढरी मोटार होती, चाकं नसलेली, कितीतरी वर्षं तशीच पडलेली. तंबू तिच्या शेजारी असायचा. आता नव्हता. धूरही नव्हता. मी चष्मा काढला, तर धूर आला. चष्मा घातला, धूर गेला. परत काढला. आला. म्हणजे धूर माझ्याच डोळ्यात होता, आणि मी त्याच्याशी शर्यत लावत होते.

घोडीवर खोगीर टाकून नदी ओलांडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. जिथे तंबू होता तिथे जमिनीवर गोल उमटला होता. त्यात गवत उगवून वीतभर वर आलं होतं. हे काही कालपरवाचं जाणं नव्हतं. मधोमध चुलीची राख, पावसाने दडपलेली. मी खाली उतरले आणि सवयीने दाराच्या बाजूने आत गेले. दार नव्हतं तरी. पाहुण्याच्या जागी बसले. थोडा वेळ बसले. कोणी चहा दिला नाही.

दुपारी सेंद आली, चष्मा टोचत तर नाही ना बघायला. "कुत्रं धरा!" म्हणून लांबून ओरडली. मी विचारलं, "न्याम्बू कुठे गेला?"

ती म्हणाली, "आजी, थट्टा करताय? उन्हाळ्याच्या तोंडालाच नेलं की लेकीने शहरात. त्याचं हृदय बरं नव्हतं. तंबू, पेट्या, पलंग, सगळं ट्रकवर घालून तुमच्या दारावरूनच गेले."

"माझ्या दारावरून?"

"दुसरा रस्ता आहे कुठे? मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुमचं आपसांत बरं नाही म्हणून मी नाव काढत नव्हते."

मग मला आठवलं. एक मोठा करडा ढिगारा घरघरत आला होता. मला वाटलं लोकर घेणारा व्यापारी, गेल्या वर्षी मला फसवून गेलेला. मी आत बसून राहिले आणि कुत्र्याला सोडलं. कुत्र्याने त्याला नदीच्या वळणापर्यंत पिटाळलं. आणि वर मी आतून "शाबास" म्हटलं.

बिऱ्हाड हलवून कोणी दारावरून जात असलं की चहाची किटली घेऊन बाहेर यायचं असतं. वैरी असला तरी. चहा द्यायचा, काहीतरी खायला द्यायचं, मागून दूध शिंपडायचं, मग जाऊ द्यायचं. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही, रांगणाऱ्या पोरालाही कळतं.

"काही म्हणाला का तो?" मी विचारलं.

सेंदने कप खाली ठेवला. "लेक सांगत होती. ट्रक तुमच्या दारात थांबवायला लावला त्याने. मग कुत्रं आलं. तो म्हणाला, अजून आंबट आहे बाई. चला."

मी उठले. म्हटलं, "तुझ्याकडे फोन आहे ना? लेकीचा नंबर आहे ना?"

फोन लागतो तो मागच्या टेकडीवर, अगदी माथ्यावर, दगडांची रास आहे तिथे. चढलो. मी माझा लाल चष्मा घालून पुढे, सेंद मागे धापा टाकत. तिने नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला.

"कोण?" न्याम्बूचा आवाज. तसाच, खरवडून काढलेल्या टोपासारखा.

"तुझी शेजारीण."

"कुठली?"

"किती आहेत तुला? आइरागवाली!"

म्हणाला, "काय, नवं आंबवलंयस का? इथे कातडी नाहीत कमवायला."

"म्हाताऱ्या, ऐक. त्या दिवशी मला ट्रक दिसला, पण तू दिसला नाहीस. मला तो लोकरवाला वाटला."

"लोकरवाला? माझा पलंग दिसला नाही? माझी नारिंगी पेटी? वर मी बसलो होतो, एवढा मोठा!"

"काही दिसत नव्हतं मला. हिवाळ्यापासून. आता चष्मा मिळालाय, कोण्या परदेशी बाईचा."

"कशी दिसतेस?"

"तुझ्या घोडीपेक्षा बरी."

तो हसला, मग खोकला. म्हणाला, "इथे सातव्या मजल्यावर ठेवलंय मला. भिंतीला लोखंडी फासळ्या आहेत, त्यांतून गरम पाणी फिरतं. चूलच नाही. तरी सकाळी जाग येते, अंधारातच. मग काय करायचं? खिडकीत बसतो. मी गेल्यापासून तूच जिंकत असशील रोज."

"कुठली जिंकतेय! रोज तूच जिंकत होतास."

"मी? इथे असून?"

"हो."

"बघ," न्याम्बू म्हणाला. खूष झाला. आवाजावरून कळलं मला.

झालं. आता शपथ घेतली आहे म्हणून एवढं सांगून टाकते. टेकडी चढले हे खरं. नंबर लावला हे खरं, आणि तिकडे फोन वाजला हेही खरं. वाजत राहिला. सेंदने पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. उतरताना सेंद काही बोलेना. वाट लांब होती आणि तिला गप्प बसवत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी तिला सांगत आले, तो काय म्हणाला असता, मी काय म्हटलं असतं. तेवढंच माझं. बाकी सगळं खरं.