नानांचा हिरवा दिवा

शून्यातून काहीही निर्माण होत नाही, यावर जगातल्या सगळ्या शास्त्रांचं एकमत आहे. शास्त्रांनी आमच्या कंपनीचा दुसरा मजला पाहिलेला नाही.

दुसऱ्या मजल्यावर आम्ही इन्सुलिनचे पंप बनवतो. म्हणजे पंप तळमजल्यावर बनतात, त्यांच्या पोटातल्या चिपने काय करायचं ते आम्ही लिहितो. आम्ही लिहितो ते माणसाला जेमतेम कळतं आणि चिपला अजिबात कळत नाही. ते चिपच्या भाषेत उतरवणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. आमचा कंपायलर अकरा वर्षांचा होता आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कुणी त्याच्याकडे बघतच नसल्यामुळे तक्रारीला वावही नव्हता.

सोमवारी पत्र आलं. सुरक्षेतली भोकं शोधण्याचा ज्यांचा धंदा आहे अशा लोकांचं होतं. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या प्रोग्रामात दाराला कडी आहे, पण हा जुना कंपायलर प्रोग्राम उतरवताना ती गाळतो. त्यामुळे दहा पावलांवरून कुणीही रेडिओने पंपात शिरून डोस बदलू शकतो. नवा कंपायलर कडी गाळत नाही. तो बसवा, सगळं पुन्हा उतरवा आणि पंपांवर चढवा. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आम्ही हे जाहीर करणार आहोत. कळावे.

आमच्या ताईच्या कमरेला आठ वर्षं तोच पंप आहे. तिला तो घ्यायला मीच लावला होता.

"म्हणजे कुणीही येऊन मला मारू शकतं?" ताईने फोनवर विचारलं.

"कुणीही नाही गं. त्यातला जाणकार लागतो."

"तुझ्यासारखा?"

"हो, म्हणजे साधारण."

"मग झोपते मी शांत. तुझ्याने रिमोटचे सेल बदलवत नाहीत."

तिने फोन ठेवला आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा केला. "शुक्रवारच्या आत होईल ना रे?" या वेळी ती विनोद करत नव्हती.

मंगळवारी सकाळी दहाला मी बिल्डच्या खोलीत शिरलो. बिल्ड म्हणजे सगळा प्रोग्राम अथपासून इतिपर्यंत उतरवून काढणं. ती व्यवस्था आमच्या खात्यातल्या नानांनी लावलेली. नाना तीन वर्षांपूर्वी वारले, पण यंत्रावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती: 'हात लावू नये.' आम्ही ती आज्ञा मनापासून पाळली होती. नानांची खुर्चीही तिथेच होती. आम्ही तिच्यावर बसत नसू. भावनेचा भाग होताच, शिवाय तिचा एक पाय डुगडुगत होता.

मी नवा कंपायलर बसवला आणि बिल्ड सुरू केला. पंखे घोंघावले, पडद्यावरून फाइलींची नावं सरकू लागली. बरोबर एकेचाळीस मिनिटांनी साहेबांच्या केबिनसमोरच्या भिंतीवर हिरवा दिवा लागला. बिल्ड झाला की हिरवा, फसला की लाल. गेल्या कित्येक वर्षांत लाल कुणी पाहिला नव्हता आणि पाहुण्यांना साहेब ते आवर्जून सांगत.

मी ठसा काढला. तयार झालेल्या प्रत्येक प्रोग्रामचा एक लांबलचक ठसा निघतो, आत एक अक्षर बदललं तरी अख्खा बदलणारा. हा ठसा जुन्या प्रोग्रामच्या ठशाशी अक्षर न अक्षर जुळत होता.

"वा! म्हणजे काही बिघडलं नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, काही बदललंच नाही. कडी लागलेली नाही."

"अहो, तेच म्हणतोय मी. उगाच घाबरवता."

बुधवारी मी जुना कंपायलर पुसून टाकला. बिल्ड चालवला. एकेचाळीस मिनिटं, हिरवा दिवा, तोच ठसा. मग मी एका फाइलच्या मधोमध 'माझं डोकं फिरलंय' असं लिहिलं. कुठलाही कंपायलर यावर अडायला हवा. दिवा हिरवा. तोच ठसा.

गुरुवारी मी नवा कंपायलरही काढून टाकला.

टेस्टिंगच्या मॅडम खुर्ची ओढून बसल्या होत्या. अर्थात स्वतःची. बाहेर ऊन होतं, खालून हातगाडी ओढल्याचा आवाज येत होता, कॉफीच्या यंत्राशी दोघं नेहमीसारखे हुज्जत घालत होते. आणि कंपायलर नसलेल्या यंत्रात कंपायलर चालू होता.

"काय लिहिलंय ते?" मॅडमनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"वापरकर्ता. बिल्ड कुणाच्या नावाने चाललाय ते."

"नाव नानांचं आहे."

"तो जुना खातेदार आहे, मॅडम. तसाच राहिलाय."

"मी कुठे काय म्हटलं?" असं म्हणून त्यांनी उठून दार सताड उघडलं.

शेवटी मी प्रोग्रामच काढून टाकला. फोल्डर पार रिकामा. काही लिहिलेलं नाही आणि उतरवणारा कुणी नाही. बिल्ड सुरू केला. आधी पहिल्या फाइलचं नाव आलं. मग दुसरीचं. नसलेल्या फाइलींची नावं एकामागून एक, संथपणे, सावकाश येत राहिली. सगळी मुलं घरी गेल्यावर मास्तरांनी रिकाम्या वर्गात हजेरी घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे 'हजर' लिहावं, तसं. मधेच एका फाइलवर यंत्र नेहमी थोडं अडखळायचं. याही वेळी ते नेमकं तिथेच अडखळलं.

"पुरे करा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मला दोन मुलं आहेत."

दिवा हिरवा झाला. साहेबांनी काचेतून अंगठा दाखवला.

त्या दिवशी ताईचे तीन फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही. काय सांगणार होतो? तुझ्या कमरेला जे चालतंय ते कुठून येतं हे आम्हाला माहीत नाही, असं?

शुक्रवारी सकाळी, दुसरं काहीच सुचेना म्हणून, मी यंत्राची नेटवर्कची वायर उपटली. हजेरी नेहमीसारखी झाली. एकेचाळिसाव्या मिनिटाला यंत्र थबकलं आणि भिंतीवरचा दिवा लाल झाला.

साहेब धावतच आले. "कुणी केलं? आज पाहुणे आहेत!"

मी मात्र पडद्याकडे पाहत होतो. यंत्राने प्रथमच खरी तक्रार केली होती: अमुक कपाटातली अमुक वस्तू आणता येत नाही, ओळ दोनशे सात. मी नानांची बिल्डची आज्ञावली उघडली. इतक्या वर्षांत ती कुणी उघडलीच नव्हती. दोनशे सहाव्या ओळीवर नानांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं:

'बिल्ड फसल्यास मुख्य सर्व्हरवरून शेवटचा चांगला बिल्ड आणून ठेवणे. साहेबांना लाल चालत नाही. मी दुपारी दुरुस्त करतो.'

त्याखाली: 'त्याआधी जुन्या बिल्डच्या फाइलींची नोंद आजची तारीख घालून, मूळ वेगानेच दाखवणे. लवकर संपल्यास साहेब विचारतात.'

नाना खरंच रोज दुपारी दुरुस्त करायचे. मग ते गेले. त्यानंतर पाचव्या दिवशी कुणीतरी एका फाइलमध्ये कंस उघडला आणि बंद केला नाही. कुणी, ते नोंदीत आहे. मीच तो. तेव्हापासून आमच्याकडे एकही बिल्ड झाला नव्हता. या काळात आम्ही पंपात चौदा सुधारणा केल्या. एकही पंपापर्यंत पोचली नाही. सातव्या सुधारणेबद्दल ग्राहकांची आभाराची पत्रं आली होती.

"म्हणजे नाना..." मॅडम म्हणाल्या.

"नाना नाहीत, मॅडम. आपणच आहोत."

"ते जास्त वाईट," त्या म्हणाल्या.

मी फाइली जागेवर आणल्या, नवा कंपायलर पुन्हा बसवला आणि दोनशे सहापासून पुढच्या ओळी काढल्या. कंपायलरने चारशे बारा चुका दाखवल्या. पुढचे पाच दिवस दिवा लाल होता आणि साहेब मागच्या दाराने ये-जा करत होते. गुरुवारी दुपारी तो हिरवा झाला, नऊ मिनिटांत. ठसा वेगळा निघाला. मॅडमनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि मग प्रोग्राम चाचणीसाठी नेला. संध्याकाळी तो सगळ्यांना पाठवायला मोकळा झाला.

मी ऑफिसमधून थेट ताईकडे गेलो आणि पंपाला वायर लावली.

"आता कुणी मारणार नाही ना मला?"

"नाही."

"चहा टाकू?"

"नको गं, उशीर झालाय."

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे सगळं जाहीर झालं. त्या भोकातून आत शिरायचं तर पंपाच्या, म्हणजे ताईच्या, दहा पावलांच्या आत सलग सहा तास बसून राहावं लागत होतं.

गुरुवारी मी ताईकडे एकूण पंचवीस मिनिटं होतो. त्यातली चार पंपाला लागली.