कोफीचा बँजो

मित्रांनो, वरातीपुढे बटणं दाबून वाजवतात तो बेंजो तुम्ही पाहिला असेल. मी तो नव्हे. मी एक जुना, फार जुना बँजो आहे. माझं पोट म्हणजे वाळवलेला भोपळा. त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, एक लांब लाकडी मान आणि चार तारा. आज मी आयर्लंडमधल्या मलिंगार गावाबाहेर, एका स्वयंपाकघराच्या उबदार भिंतीवर असतो. माझं नशीब थोर. मला घडवणाऱ्याचं तसं नव्हतं, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगतो.

माझा जन्म मेरीलँडमधला. अमेरिका हा वेगळा देश व्हायचा होता, तिथं इंग्रजांचा अंमल होता. तंबाखूच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं राबत. त्यांना गुरांसारखं विकत घेतलेलं असे, आणि त्यांच्या पोटी जन्मलेलं मूलही मालकाचंच. त्या माणसांतला एक कोफी. मालक त्याला जेम्स म्हणे. आपल्या माणसांत तो कोफीच होता.

त्यानं झोपडीमागे भोपळ्याचा वेल लावला होता. त्यातला एक भोपळा त्यानं चुलीजवळ टांगून वाळवला, कोरला, शिंपल्यानं घासून गुळगुळीत केला. त्याच्या गावी असं वाद्य होतं. तिथून त्याला काहीही बरोबर आणू दिलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा बायका हसल्या, आणि एक म्हातारी मात्र डोळे पुसत बसली. तिनं तो सूर लहानपणी ऐकला होता. काही मळ्यांवर ढोलाला बंदी होती, कारण ढोल लांबच्या माणसांना हाक मारतो. माझा आवाज बारीक. मला राहू दिलं.

त्याच मळ्यावर टाईग गेगन नावाचा एक आयरिश तरुण होता. घरी खायला नव्हतं, म्हणून जहाजाच्या भाड्यापायी त्यानं काही वर्षांची चाकरी लिहून दिली होती. त्याच उन्हात तोही राबला, त्याच मुकादमाचा मार त्यानंही खाल्ला. संध्याकाळी तो कोफीशेजारी बसे आणि कोफी त्याची बोटं धरून माझ्या तारांवर ठेवी.

मग टाईगची मुदत भरली. मालकानं करारानुसार त्याला एक कोट आणि मक्याची पोती दिली आणि फाटक उघडलं. त्याच आठवड्यात मालकाच्या मुलीचं लग्न होतं. आंदणात भांडी, पलंग, घोडे दिले, आणि कोफीलाही दिलं. त्याची बायको इथं, तो लांब दक्षिणेला. गाडी निघण्याआधी त्यानं मला टाईगच्या हातात ठेवलं.

"तिथं हा माझ्याजवळ राहू देणार नाहीत," तो म्हणाला. "तू घेऊन जा. तुला जाता येतं."

टाईगनं मला घेतलं. आयर्लंडला परतताना जहाजावर थंडीनं तो कुडकुडला, पण तो नवा कोट त्यानं मला गुंडाळला होता. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

मलिंगारला पोचल्यावर तो मला वाजवायचा आणि पोरांना सांगायचा, "हा कोफीचा." पोरांनी आपल्या पोरांना सांगितलं. सांगता सांगता माणूस गळाला आणि नुसतं नाव उरलं. पुढच्या पिढ्यांना वाटलं, रंग तपकिरी म्हणून बँजोलाच 'कॉफी' म्हणतात! गेगनांच्या लग्नांत मी वाजलो, मयतानंतरच्या रात्री जागवल्या. घरातल्या बायकांनी मला जपलं, कातडं फाटलं की नवं चढवलं, तारा बदलल्या. मग रेडिओ आला, टीव्ही आला, आणि मी गोठ्याशेजारच्या खोलीत गेलो. ओलीनं माझ्या पोटाला तडा गेला.

दोन हजार वीस साल उजाडलं तेव्हा घरात डेक्लन गेगन हा सत्तरीचा विधुर एकटाच होता. घराचा अर्धा भाग त्यानं निहारिकाला भाड्यानं दिला होता. ती मूळची मिरजेची, राजधानीजवळच्या चेरीवूडमधल्या एका कंपनीत इंजिनिअर. तिची आई शोभनाताई दोन महिन्यांसाठी म्हणून आली, आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. निहारिकाचं ऑफिस घरात आलं, डेक्लनचं पबमधलं बसणं थांबलं. मग तिघं चहाला एकत्र बसू लागली. शोभनाताई पोहे करायच्या, डेक्लन म्हणायचा "ग्रँड!" आणि पुन्हा वाटी पुढे करायचा. भाषांतर निहारिकाचं.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे मोर्चे रोज बातम्यांत दिसत होते. एक दिवस डेक्लननं मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"गावात जुन्या वस्तूंचं दालन होतंय. मी हा देणार. आमचा टाईग तिकडे गुलाम होता, त्यानं स्वतःच्या हातानं केला. सगळे काळ्यांचंच बोलतात, पण आम्हीपण गुलाम होतो म्हणावं!"

वाद्याला बोलता येत नाही, मित्रांनो. ते दालनात एकदा लिहिलं गेलं असतं, तर माझा कोफी कायमचा पुसला गेला असता.

शोभनाताईंनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली. मिरजेत त्यांनी आयुष्यभर गाणं शिकवलेलं.

"अगं निहा, भोपळा! हा तर आपल्या तंबोऱ्याचा भाऊ. डेक्लनभाऊंना विचार ना, हे वाजवायला त्यांच्या टाईगला कुणी शिकवलं?"

डेक्लन म्हणाला, "तिथल्या एका मित्रानं, असं आजी सांगायची. तोही मळ्यावर होता. काळा होता. टाईगची वर्षं भरली आणि तो घरी आला."

निहारिकानं ते मराठीत सांगितलं. शोभनाताई अगदी साधेपणानं म्हणाल्या, "बरं झालं बाई, सुटला. आणि तो मित्र? तो घरी कधी गेला?"

निहारिकानं तेच इंग्रजीत विचारलं.

डेक्लननं चहाचा कप खाली ठेवला. तो म्हणाला, "आजीनं कधी सांगितलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही."

"आईला तसं म्हणायचं नव्हतं हं," निहारिका गडबडीनं म्हणाली.

"नाही, नाही. तिनं बरोबर विचारलं." डेक्लन म्हणाला. "त्याची वर्षं कधी भरणारच नव्हती, नाही का?"

डेक्लन जिद्दीचा माणूस, पण खोटा नव्हता. त्या दिवशी त्यानं मला परत त्या खोलीत नेलं नाही. चुलीपासून थोडं लांब, भिंतीवर टांगलं.

काही दिवसांनी निहारिकानं ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर सहकाऱ्यांना मला दाखवलं. "हा आमच्या घरमालकांचा कॉफी," ती म्हणाली. पलीकडे अकोसुआ होती, घानाची, राजधानीच्या क्लोनडॉकिन या उपनगरात राहणारी. ती खुर्चीतून पुढे झुकली.

"काय म्हणालीस? कॉफी? की कोफी? आमच्याकडे शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला कोफी म्हणतात. अगं, हे माणसाचं नाव आहे!"

निहारिका धावत गेली आणि डेक्लनला बोलावून आणलं. त्यानं अकोसुआकडून ते नाव दोनदा वदवून घेतलं. टाईगचा तो काळा मित्र म्हणजेच कोफी, आणि भोपळ्याचं हे वाद्य त्यानंच घडवलेलं, हे डेक्लनला उमगलं. मग टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "तुझं नाव आम्ही इतकी वर्षं घेत होतो, आणि आम्हाला ठाऊक नव्हतं." मित्रांनो, माझ्या फुटक्या भोपळ्यात त्या दिवशी काय दाटून आलं, ते सांगता येत नाही.

हिवाळ्यात त्यानं मला एका वाद्य करणाऱ्या बाईकडे धाडलं. तिनं तडा सांधला, नवं कातडं चढवलं. दालनाला त्यानं माझा फोटो दिला आणि खाली लिहायला सांगितलं: 'हा कोफीनं घडवला. तो गुलाम होता. टाईग गेगन गुलाम नव्हता. कोफीचं पुढं काय झालं, आम्हाला माहीत नाही.'

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात लोकांना पुन्हा भेटता येऊ लागलं. मलिंगारच्या अंगणात खुर्च्या लांब लांब मांडल्या. शोभनाताईंना परतीचं तिकीट मिळालं होतं, त्यांनी निघण्याआधी सगळ्यांसाठी साटोऱ्या केल्या. अकोसुआ क्लोनडॉकिनहून आली. डेक्लननं आधी कोफीची गोष्ट सांगितली, मग मला छेडलं. शोभनाताईंनी डोळे मिटून हलकेच षड्ज लावला.

अकोसुआनं फोन काढला. घानामध्ये तिचा धाकटा भाऊ होता, शुक्रवारी जन्मलेला.

"कोफी," ती म्हणाली, "ऐकतोयस का?"

"ऐकतोय," फोनमधून आवाज आला. "वाजवा."

मित्रांनो, अडीचशे वर्षांनी त्या नावाच्या माणसानं माझ्यासमोर ओ दिली. मी भरून पावलो. माझं मागणं एवढंच आहे. जुन्या वस्तू जपा, तेलपाणी करा, हे तर खरंच. पण एखादी वस्तू हातात घ्याल तेव्हा ती कुणी आणली एवढ्यावर थांबू नका. ती कुणी घडवली, तेही विचारा. आणि त्याचं नाव कळलं, तर ते नीट उच्चारा.