बोटांना ठाऊक असलेली अक्षरं

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो. जुना म्हटल्यावर लगेच कीव करू नका. ज्या कारखान्यात मला घडवलं तो केव्हाच बंद पडला. मी अजून चालू आहे. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात, भवानीअक्कांच्या टायपिंग क्लासात मी रोज सकाळी सहापासून खडखडतो. सरकारी टाइपिस्टची परीक्षा इथे अजून माझ्यासारख्यावरच होते. कॉम्प्युटरवाले हसतात. हसू देत.

अक्कांनी माझ्या सगळ्या कळांना काळा रंग फासला आहे. एकही अक्षर दिसत नाही. नव्या मुली रडकुंडीला येतात. अक्का म्हणतात, "खाली काय बघतेस? नजर पुस्तकात! ए एस डी एफ जी एफ, पुन्हा!"

सहाना ही अशीच रडलेली एक. घर तंजावरकडच्या मराठी मंडळींचं. परीक्षेत दोनदा नापास झाली, तेव्हा तिचे वडील रघुराम क्लासात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, हिला डोकंच नाही. क्यूची कळ कुठे आहे विचारलं, तर सांगता येत नाही! यंदाही नापास झाली तर क्लास बंद. श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीची बस दारावरून जाते, त्यात बसवतो."

कारखान्यातलं काम हलकं नाही, मित्रांनो. पोरीला ऑफिसात टाइपिस्ट व्हायचं असताना तिला न विचारता बसमध्ये बसवणं, हे हलकं.

अक्का म्हणाल्या, "रघुराम, तुम्ही शर्टाची गुंडी लावता ना? आधी कुठलं बोट हलतं, सांगा बघू."

रघुरामांचा हात नकळत गळ्याशी गेला.

"बघा! बोटांना विचारायला लागलात. म्हणजे तुम्हालाही डोकं नाही?"

मुली खुसखुसल्या. मी हसू शकत नाही, नाहीतर मोठ्याने हसलो असतो. इतकी वर्षं हेच बघतोय मी. शंभरदा, हजारदा गिरवलं की अक्षर बोटांत मुरतं. मग डोकं अक्षर शोधत बसत नाही, पुढचा शब्द वाचायला मोकळं होतं. बिनडोक माणसाचं हे काम नव्हे.

परीक्षेला मशिनं क्लासातूनच न्यावी लागतात. त्या दिवशी व्हॅनमधून उतरवून रघुरामनी मला स्वतः टेबलावर ठेवलं. जाताना पोरीला बजावलं, "घाई नको. प्रत्येक अक्षर बघून मार."

घंटा झाली. हॉलभर खडखडाट. सहानाने आज्ञाधारकपणे खाली बघितलं. नुसतं काळं! पी कुठे? ती आठवू लागली, आणि जितकी आठवू लागली तितकी बोटं आखडली.

पर्यवेक्षक कृष्णस्वामी वाकले. "एन्नम्मा, काय झालं? मशीन रिपेर, बिघडलं?"

माझ्या नावाने खापर फोडायची आयती संधी होती. दुसरं मशीन मिळालं असतं, वेळही. पण ती म्हणाली, "मशीन छान आहे सर. मीच चुकीचा सल्ला ऐकला."

तिने बोटं माझ्यावर टेकवली. न दाबता, हलकेच, ए एस डी एफ जी एफ. मग नजर उचलून कागदावर रोवली. आणि सुटली! मला दम खायला फुरसत दिली नाही. शेवटच्या ओळीचा पूर्णविराम आणि घंटा एकदमच पडली.

निकाल लागला. ती पास झाली. रघुराम क्लासात आले, मिठाईचा डबा घेऊन. "नशीब काढलंस, कण्णा," ते लाडाने म्हणाले.

"नशीब नाही, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं ते सोडलं, म्हणून पास झाले."

रघुरामनी डबा उघडला. पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला.

मित्रांनो, मला तेल द्या, धूळ पुसा, एवढंच माझं मागणं. तुमच्या बोटांना मात्र रोज काम द्या: विणा, लिहा, वाजवा. आणि कुणाला मठ्ठ म्हणायची घाई झाली असेल, तर आधी त्याचे हात काय करतात ते बघा.