उरलेले पंच्याण्णव टक्के

दसऱ्याच्या दिवशी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि मग दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक कामगाराला एकेक रिकामा कॅन मिळाला. निळा, जाड प्लास्टिकचा, वीस लिटरचा, घट्ट झाकणाचा. बंगल्यात राहणाऱ्याला याचं हसू येईल. असल्फ्याच्या डोंगरावर राहणाऱ्याला येणार नाही. तिथे पाणी सकाळी पाऊण तास येतं आणि घरात जेवढे कॅन तेवढंच पाणी दिवसभर पुरतं. नितेश घाडी तो कॅन खांद्यावर टाकून डोंगर चढला तेव्हा वाटेतल्या दोघातिघांनी त्याला थांबवून कॅन हातात घेऊन पाहिला.

कारखान्यात वांगी, भेंडी, टोमॅटोवर फवारायचं औषध तयार होई. नितेश अकरा वर्षं तिथे मिसळणीच्या टाकीवर होता. कीड मारणारा खरा माल छोट्या डब्यांतून येई, त्याला कामगार ‘दवा’ म्हणत. तो शंभरात पाच भाग. उरलेले पंच्याण्णव भाग मोठ्या कॅनमधून येत, त्याला म्हणत ‘भरण’. बाटलीवरही तसंच छापलेलं असे: सक्रिय घटक पाच टक्के, निष्क्रिय घटक पंच्याण्णव टक्के. निष्क्रिय म्हणजे जे काहीच करत नाही ते, असं नितेशने श्वेताला लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. आपल्या नवऱ्याला विषाशी खेळावं लागतं म्हणून ती घाबरलेली असे, आणि शंभरातलं पंच्याण्णव काहीच करत नाही हे ऐकून तिला बरं वाटलं होतं.

दवेच्या डब्यांबद्दल कारखान्यात फार कडक नियम होता. डबा रिकामा झाला की नितेशने स्वतः ड्रिलने त्याला तीन भोकं पाडायची, म्हणजे तो कोणी घरी नेऊ नये. मालक शरच्चंद्र, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, या बाबतीत कोणाचंही ऐकत नसत. त्यामुळेच झालं असं, की ज्याला भोकं पाडत नाहीत ते बिनधोक, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येई, बाटलीतला नमुना घेई, पाच टक्के बरोबर भरलेत की नाही एवढं पाही. पंचनाम्यावर पंच म्हणून सही नितेशची असे. श्वेताचं हे अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं.

आधीच्या वर्षांच्या कॅनना घासलेटासारखा वास यायचा. तो जाईपर्यंत श्वेता महिनाभर त्यात कपड्यांचंच पाणी भरायची. यंदाच्या कॅनला वासच नव्हता. तळाशी थोडं दाटसर काही राहिलं होतं, साखरेच्या पाकासारखं, रंग नाही, वास नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला धार बारीक होती, मागे शेजारच्या जानकीकाकी हंडा घेऊन उभ्या होत्या. श्वेताने दोन तांबे पाणी आत टाकलं, कॅन हलवला, ओतला आणि भरायला लावला. पुन्हा पुन्हा विसळायचं तर एक हंडा वाया गेला असता. हा हिशोब डोंगरावरची प्रत्येक बाई रोज करते आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

नितेश कामावर गेला. सात वर्षांची अक्षता शाळेला सुट्टी म्हणून घरीच होती.

“आई, ह्या कॅनचं पाणी गोड आहे,” ती म्हणाली.

श्वेताने बोट बुडवून चाखलं. खरंच किंचित गोड होतं. तिला देवगडच्या माहेरची विहीर आठवली आणि ती हसली सुद्धा.

“कालचे पेढे अजून तोंडात आहेत तुझ्या,” ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली. अक्षता खेळता खेळता येऊन पेला भरून घेत राहिली. पोरगी पाणी पीत नाही, अशी एरवी तक्रार असायची.

अकरा वाजता अक्षता दारातून आत आली ती झुलत. उंबऱ्याला अडखळली, पडली आणि हसत बसली. दारावरून जाणाऱ्या जानकीकाकी थबकल्या.

“गे श्वेता, चेडू असा काय चलता? दारू पियाल्यासारखा?”

“काल लय पेढे खाल्लेत तिने, काकी.”

“गोडाधोडाचा बाधला आसतला. लिंबू दी.”

लिंबू दिलं, ते उलटून पडलं. मग अक्षताचं हसणं थांबलं. ती आईकडे बघत होती, पण नजर आईवर ठरत नव्हती. श्वेताने तिला उचललं आणि ती चपला न घालता डोंगर उतरली.

पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टर मृणालिनी होत्या, वयाने तरुण, डोळ्यांखाली काळं आलेलं. नितेश मरोळहून धावत पोचला. “घरात काही विषारी होतं का?” या प्रश्नाला त्याने कारखान्याचं नाव सांगितलं आणि मोबाइलमध्ये बाटलीच्या लेबलचा फोटो दाखवला.

“पण मॅडम, घरी दवेचा डबा नाही, भरणाचा रिकामा कॅन आहे, पाणी भरायला. ते निष्क्रिय असतं.”

“दवेचा थेंब त्यात गेला असेल,” डॉक्टर म्हणाल्या. लेबलवर एकच नाव होतं. त्या एका नावावर जो उतारा असतो तो त्यांनी सुरू केला. दुसरं करणार तरी काय? छापलेलं होतं ते पाच टक्के, आणि उपचार झाला तोही त्या पाच टक्क्यांवर.

तासाभरात त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी जुळत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या त्या विषाने होतात तशा बारीक नव्हत्या, लाळ नव्हती, घाम नव्हता. श्वास मात्र खोल आणि जलद होत चालला होता. त्यांनी नितेशला व्हरांड्यात बोलावलं.

“त्या भरणात काय असतं?”

“म्हणजे भरणच, मॅडम.”

“त्याला नाव असेल ना. रक्त तपासायला पाठवते मी, पण काय शोधायचं तेच माहीत नसेल तर शोधणार काय? मला नाव हवं. आत्ता.”

अकरा वर्षं दिवसाला कित्येक कॅन टाकीत ओतणाऱ्या माणसाला ते नाव माहीत नव्हतं. कॅनवर फक्त एक अक्षर आणि एक आकडा छापलेला असे. त्याने सुपरवायझरला फोन केला, त्यालाही माहीत नव्हतं. मग तो रिक्षा करून साकीनाक्याच्या गर्दीतून मरोळला गेला. तेव्हा तीन वाजले होते.

भाऊसाहेबांच्या खोलीत कालच्या पूजेचा उदबत्तीचा वास अजून होता. त्यांनी नितेशला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पोरीची चौकशी केली. ते वाईट माणूस नव्हते. नितेशच्या लग्नाला ते आले होते, अक्षताच्या बारशाला त्यांनी चांदीची वाटी पाठवली होती. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण वाचणाऱ्याला वाटेल की असं करणारा राक्षसच असणार.

“नितेश, भरण निष्क्रिय असतं रे. त्याने काय होणार? तिने दुसरं काहीतरी खाल्लं असेल.”

“नाव सांगा ना, भाऊसाहेब. डॉक्टर थांबल्यात.”

“माल देणारा नाव सांगत नाही. त्याच्या धंद्याचं गुपित असतं ते. मी विचारतो त्याला. तू बाहेर बस.”

नितेश बाहेरच्या बाकावर बसला. समोर मिसळणीची टाकी होती, तिच्यावरची माळ कोमेजून वाकडी झाली होती. आत भाऊसाहेब फोनवर होते. माल देणाऱ्याला त्यांनी फोन केलाच नाही, कारण नाव त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. सरकारकडे दिलेल्या कागदावर दुसराच द्रव लिहिलेला होता. तो महाग पडायला लागला म्हणून श्रावणापासून त्यांनी गुपचूप स्वस्तातलं काहीतरी आणलं होतं. पाच टक्के बरोबर असले की पुरे, बाकीचं कोणी तपासत नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. आता ते वकिलाला विचारत होते की नाव सांगितलं तर परवाना जाईल का.

चार वाजले. साडेचार वाजले. श्वेताचा फोन आला, अक्षताला लघवी होत नाही म्हणतात डॉक्टर. पाच वाजता नितेश आत गेला तेव्हा त्याला “दोन मिनिटं” म्हणून परत पाठवलं. साडेपाचला तो न विचारता आत गेला आणि सरळ खाली बसून त्याने भाऊसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मी कोणाला सांगणार नाही. आईची शपथ. डॉक्टरच्या कानात सांगेन फक्त. माझी पोर जाते हो.”

भाऊसाहेबांनी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात ते म्हणाले, “इथिलीन ग्लायकोल. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये घालतात ते. वापरून झालेलं, गाळून घेतलेलं.”

नितेशने तिथूनच फोन लावला. पलीकडे डॉक्टर मृणालिनींनी ते नाव कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी फोन कानाशी तसाच ठेवून श्वेताला विचारलं, “पाणी गोड लागत होतं का?”

“हो,” श्वेता म्हणाली. “मला कोणी विचारलंच नाही.”

उतारा वेगळा होता. तो दुसऱ्या रुग्णालयातून मागवावा लागला आणि रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर अक्षताला घेतलं तेव्हा सात वाजून गेले होते. डॉक्टरांनी चार दिवस जिवाचं रान केलं. पाचव्या दिवशी दुपारी अक्षता गेली. नाव दुपारी तीनला कळलं असतं तर, हे वाक्य डॉक्टरांनी अर्धंच बोलून सोडलं, पण श्वेताने ते पूर्ण ऐकलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी, पोरीला पोचवून आल्यावर, नितेश घरी न थांबता कामगारांच्या घराघरांत फिरला आणि त्याने यंदाचे सगळे कॅन गोळा केले. दोन घरांत त्यांत चहाचं पाणी भरलेलं होतं. एका घरात लहान मूल चार दिवस ओकत होतं आणि आईने दात येत असतील म्हणून सोडून दिलं होतं. नितेशने त्यांना थेट डॉक्टर मृणालिनींकडे पाठवलं. कॅनना त्याने घरच्या ड्रिलने तीन-तीन भोकं पाडली. आपला मात्र तसाच ठेवला.

पोलिसांत घरगुती अपघात अशी नोंद झाली. महिन्याभराने तपासनीस आला. भाऊसाहेबांनी नितेशला निरोप पाठवला, कारण सही दरवर्षी त्याचीच. नितेश आला, आणि त्याच्यामागे श्वेता. तिच्या हातात निळा कॅन होता.

तपासनिसाने बाटली घेतली, लाखेने बंद केली, पंचनामा लिहिला आणि पेन पुढे केलं.

“साहेब, ह्यात तपासणार काय?” नितेशने विचारलं.

“सक्रिय घटक. पाच टक्के आहे की कमी.”

“बाकीचं?”

“त्याचा रकाना नाही फॉर्मवर.”

“माझी पोर त्या बाकीच्यात गेली.”

तपासनिसाने मान खाली घातली. तोही बापच असावा. “रकाना मी नाही ना बनवत,” तो म्हणाला.

“नितेश,” भाऊसाहेब मध्ये पडले, “तू शब्द दिला होतास मला. शपथ घेतली होतीस.”

“पोर वाचावी म्हणून घेतली होती,” नितेश म्हणाला. “ती वाचली नाही.” आणि त्याने तपासनिसाला ते नाव मोठ्याने सांगितलं, दोनदा, टाकीवरच्या सगळ्या कामगारांना ऐकू जाईल असं. कागदावर नसलेलं, श्रावणापासून प्रत्येक बाटलीत गेलेलं. मग त्याने पेन टेबलावर ठेवलं. “अकरा वर्षं मी सही केली. न बघता केली. आता शंभराच्या शंभर लिहा, मग करतो.”

श्वेताने कॅन टेबलावर ठेवला. “हे पण न्या. रकाना नसेल तर आखा.”

तपासनिसाने पंचनामा आपल्याकडे ओढला. मग त्याने शेजारच्या गाळ्यातून दोन माणसं पंच म्हणून बोलावून आणली, त्यांनी दहा मिनिटांत सह्या केल्या. कॅन टेबलावरच राहिला. बाहेर टेम्पो भरत होता, खोक्यांवर वांग्याचं आणि टोमॅटोचं चित्र होतं. तो त्यांच्या डोळ्यांसमोर वसाहतीच्या फाटकातून बाहेर गेला.

श्वेताने कॅन उचलून परत कमरेवर घेतला. आता दर सोमवारी ती तो घेऊन कुठल्या ना कुठल्या सरकारी कचेरीच्या बाकावर बसते, डॉक्टर मृणालिनींनी लिहून दिलेला कागद पदरात बांधून. अर्ज एका ओळीचा आहे: बाटलीत जे जे आहे ते ते बाटलीवर लिहा. उत्तर येतं की निष्क्रिय घटकांचा विषय आमच्या कक्षेत नाही. नितेशचं काम सुटलं आहे. एकदा एका कारकुनाने तिला सहज विचारलं, “बाई, झालं ते झालं. आता हे नाव लिहून तुमची मुलगी परत येणार आहे का?”

“नाही,” श्वेता म्हणाली. “तुम्ही आज डब्यात काय आणलंय?”

त्याने डब्याकडे पाहिलं. वांग्याची भाजी होती.