पिवळ्या डॉजवरचा राखाडी चौकोन

आमच्या गावात जुलैच्या पहिल्या शनिवारी जुन्या अमेरिकन गाड्यांची मिरवणूक निघते. निघते संध्याकाळी, पण सकाळपासूनच तळ्याकाठच्या गवतावर गाड्यांची रांग लागते आणि माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसून, थर्मासमधली कॉफी पीत, एकमेकांच्या गाड्यांत खोट काढत राहतात.

"गाडीचे मागचे पत्र्याचे पंख असे हवेत, की बघणाऱ्याला धडकीच भरली पाहिजे," म्हातारा सिक्स्टेन म्हणाला.

"पंखांचं राहू दे, तुझ्या गाडीला तळ आहे का?" गुन्वोर म्हणाली. "गेल्या वर्षी तुझ्या शेजारी बसले, तर पायाखाली रस्ता दिसत होता."

"हवा खेळती राहते गं!"

गुन्वोरने आयुष्यभर कागदाच्या गिरणीत काम केलं. तरुणपणी पगारातून पैसे साठवून तिने ही १९५९ सालची डॉज घेतली, तेव्हा गाडी राखाडी होती. पण जो तो तिच्या नवऱ्यालाच विचारायचा, "काय एव्हर्ट, गाडी कशी पळते?" एव्हर्ट बिचारा सायकलवर फिरणारा, त्याला गाडी चालवताही येत नव्हती. शेवटी एका रविवारी गुन्वोरने होड्यांना लावतात तो पिवळा रंग आणला आणि ब्रशने अख्खी गाडी रंगवून काढली. ब्रशचे फराटे अजून दिसतात. त्यानंतर गाडी कुणाची, हे गावात कुणी विचारलं नाही, आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढची जागा तिचीच झाली.

यंदा आमच्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष झाला टोर्केल. त्याने नियम केला, की पुढे फक्त कारखान्यातून निघाली तशीच असलेली गाडी उभी राहील.

"गुन्वोर, हिवाळ्यात क्लब तुझी गाडी फुकट मूळ रंगात रंगवून देईल," तो म्हणाला. "तू हो म्हण, यंदाही पुढेच राहा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग शेवटी. ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या पोरांच्याही मागे."

"बघू," म्हणून ती माझ्याबरोबर खायला वॉफल आणायला निघाली. टोर्केलला तो होकार वाटला. मूळ रंग नको असलेला माणूस जगात असतो, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा टोर्केल आणि क्लबातले दोघे डॉजच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले होते. हातात थिनरचं फडकं आणि बारीक पॉलिश पेपर. मडगार्डवर तळहाताएवढा पिवळा रंग खरवडून त्यांनी खालचा राखाडी चौकोन उघडा केला होता. जुन्या रंगाखाली काय आहे हे बघितल्याशिवाय या मंडळींना राहवत नाही.

"बघ गुन्वोर! खाली सगळं शाबूत आहे!" टोर्केलचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्याच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं.

गुन्वोरने वॉफल माझ्या हातात दिलं. "कुणाला विचारून?"

"अगं, एवढासा तर चौकोन."

"मी तुझ्या घरात येऊन भिंतीवरचा एवढासा कागद फाडू? खाली काय आहे ते बघायला?"

"पण हा मूळ रंग आहे!"

"तो कारखान्याचा. हा माझा."

ती तडक होड्यांच्या शेडकडे गेली आणि पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश मागून घेऊन आली. आधी चौकोन रंगवला. मग ब्रश हातात होताच, म्हणून सगळं मडगार्ड. मग दार. सिक्स्टेन आपली खुर्ची ओढत जवळ आला. "खालची कड राहिली बघ."

"मिरवणूक निघायला तासभर उरलाय! रंग वाळणार नाही!" टोर्केल ओरडला.

"न वाळू दे."

इंजिनं सुरू झाली तशी गुन्वोर थेट रांगेच्या पुढे आली. तिथे टोर्केलची काळी कॅडिलॅक उभी होती, आरशासारखी लखलखीत. ओलं पिवळं दार त्या काळ्या दारापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

"लांब घे! लागेल!"

"मी माझ्या जागेवर आहे. तू सरक."

टोर्केल गाडी घेऊन मागे सरकला. त्याच्या मागची निळी गाडी सरकली, तिच्या मागचीही.

"हे नियमात बसत नाही, गुन्वोर!"

"मग ढकल मला मागे. ये, लाव हात."

टोर्केलने स्वतःच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. तो आला नाही.

गुन्वोरने भोंगा वाजवला आणि गाडी सोडली. ओल्या रंगाच्या धाकाने तिच्यामागे अजून एक गाडी मावेल एवढी जागा मोकळी राहिली. मुख्य रस्त्यावर येईपर्यंत ओल्या दारावर चिलटं आणि हवेत उडणारे बियांचे तुरे चिकटले होते. बेकरीपाशी एक लहान मुलगी दाराला हात लावायला पुढे धावली, तर आईने तिचा दंड धरला.

"अगं, हात पिवळे होतील!"

गुन्वोरने गाडी उभी केली. अख्खी मिरवणूक थांबली. मागून टोर्केलचा भोंगा सुरू झाला.

"होऊ दे ना पिवळे," गुन्वोर म्हणाली. "ये गं पोरी. दोन्ही लाव."