मालक : एक हजार चार

“लीलाधरभाऊ, साईटवर अजून कालचाच भाव! फैजपूरहून पाच फोन आले,” अनुजशेठ केबिनमधूनच ओरडले.

लीलाधर स्क्रीनवरची एरर पुन्हा वाचू लागला. चूक त्याचीच होती. केळीच्या भावांची ती साईट ज्या रेपॉझिटरीतून चालायची, तिच्यात प्रत्येक बदल जपलेला होता, कोणी केला नि का केला याच्या टिपणासकट. काल शेठनी नोकरी सोडून गेलेल्यांची खाती सर्व्हरवरून काढायला सांगितली आणि यानं दिपमालाचं खातं काढलं. ती गेल्यापासून चार वर्षं काही ना काही सबब सांगून ठेवलेलं हो! पण निम्म्या फाईली तिच्याच नावावर आहेत, हे गडी साफ विसरला. आज सर्व्हर म्हणत होता, या फाईलींचा मालक ओळखीचा नाही. नावाच्या जागी नुसता तिच्या खात्याचा आकडा, १००४.

“कशाला डोकं लावता?” शेठ जवळ आले. “जुनं सगळं उडवा, चालू फाईलींवरून नवीन बांधा. पंधरा मिनिटांचं काम.”

“तासभर द्या शेठ. जुनंच नीट करतो.”

“जुन्यात एवढं काय ठेवलंय?”

काय ठेवलंय! धुळ्याकडची ती पोरगी टिपणंही अहिराणीत लिहायची. ‘बठ्ठं नीट शे. लीलाधरभाऊ, आठे हात लावा तं याद ठेवा!’ सगळं नीट आहे, इथं हात लावाल तर बघा, असं वाचलं की ती शेजारच्या खुर्चीत खुदकन हसतेय असं वाटायचं. तिचं तेवढंच उरलं होतं त्याच्याकडे. मनातलं बोलायची हिंमत सोबतच्या पाच वर्षांत झाली नाही. तिच्या शेवटच्या दिवशी तर हा शहाणा मुद्दाम फैजपूरला प्रिंटर दुरुस्त करायला गेला, निरोप द्यावा लागू नये म्हणून. तीन महिन्यांनी तिचं लग्न झालं.

त्यानं सगळ्या फाईली आपल्या नावावर केल्या. एरर गेली, साईटवर आजचा भाव आला. काही हरवलं तर नाही ना, म्हणून तो आता एकेक फांदी तपासू लागला. मूळ कामाला धक्का न लावता बाजूला केलेलं काम, त्याला ते फांदी म्हणत. त्यातली एक त्यानं कधी उघडलीच नव्हती. तारीख दिपमालाच्या शेवटच्या दिवसाची. बदल काहीच नाही, नुसतं टिपण.

‘सहा लगुन तुमनी वाट दखी. घरना लोके लगीनना मांगे लागेल शेत. तुम्ही इचारशात असं वाटे. जास आते.’

त्यानं ते तीनदा वाचलं. तो विचारेल म्हणून ती सहापर्यंत त्याची वाट बघत होती. त्या दिवशी चारलाच काम आटोपून तो सातपर्यंत फैजपूरच्या बसस्टँडवर उगाच चहा पीत बसला होता. आणि चार वर्षं हे इथंच, त्याच्या हाताखाली पडून होतं.

“झालं का?” शेठनी विचारलं.

“झालं.”

“मग? जुन्यात निघालं का काही कामाचं?”

“निघालं ना, शेठ. पण ते तेव्हाच बघायला हवं होतं.”

फोन वाजला. लीलाधरनं तो उचलला आणि फैजपूरच्या माणसाला केळीचा आजचा भाव सांगू लागला.