स्वप्नांवरची गोळी

ऊर्मिला सबनीसला काळजी करायला कारण लागत नसे. घराला कुलूप लावून दोन जिने उतरली की ती परत वर जाऊन दार ढकलून बघायची. नवरा रुपेश जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो म्हणायचा, "अगं, औषधांचं काम करतेस, तिथे हा स्वभाव चालेल. घरी जरा सुट्टी दे त्याला."

इस्पितळात मात्र हा स्वभाव खरंच चालत होता. पुण्याहून बी. फार्म. करून आलेल्या ऊर्मिलाने तीन वर्षं जर्मन भाषेशी आणि परवान्याच्या परीक्षेशी झटापट केली होती, आणि मग नेकार नदीच्या काठच्या एका इस्पितळात तिला फार्मासिस्टची नोकरी लागली होती. दुसऱ्या मजल्यावर माजी सैनिकांचा एक लहान वॉर्ड होता. अफगाणिस्तानातून परतलेले पुरुष. एखाद्याला कृत्रिम पाय होता, पण बहुतेकांचं शरीर धडधाकट आणि झोप मोडलेली. कुठलं औषध कुठल्या औषधाशी भांडतं ते बघायचं, मात्रा जुळवायची, डॉक्टरांना सुचवायचं आणि पेशंट घरी जाताना त्याला नीट समजावून सांगायचं, हे तिचं काम.

त्या वॉर्डातल्या योर्ग हाफनरने तिला दोन महिने कोड्यात टाकलं होतं. सेहेचाळीस वर्षांचा उंच, अबोल माणूस. कुंडूझजवळ त्याची गाडी सुरुंगावर गेली होती आणि शेजारी बसलेला त्याचा मित्र मार्को जागीच गेला होता. हाफनर रात्री ओरडत उठायचा. वॉर्डप्रमुख डॉक्टर झायडेल यांनी त्याला डॉक्साझोसिन सुरू केली. गोळी मुळात रक्तदाबाची, पण अशा स्वप्नांवरही देतात. स्वप्नं थांबली नाहीत. ऊर्मिलाने मात्रा वाढवायला सुचवलं, ती वाढली. तरी तेच. पुन्हा वाढली. आता दिवसाला आठ मिलिग्रॅम चालू होती आणि हाफनर तसाच ओरडत उठत होता.

"त्यांचं बीपी अजिबात कमी होत नाही," एक नर्स एकदा म्हणाली होती. "एवढी गोळी खाऊन!"

ऊर्मिलाला ते खटकलं होतं. पण काही जणांचं शरीर तसं असतं, असं तिने स्वतःला सांगितलं. एवढी काळजी करणारी बाई, आणि नेमक्या याच ठिकाणी तिने मनाची समजूत घालून घेतली.

ऑक्टोबरातला शुक्रवार होता. हाफनर शनिवार-रविवारसाठी भावाकडे निघाला होता. भावाचे नेकारच्या उतारावर द्राक्षमळे होते आणि तोडणी ऐन भरात होती. घरी नेण्याच्या गोळ्यांचं पाकीट घ्यायला तो ऊर्मिलाच्या खोलीत आला. ती समजावत असतानाच तिचा मोबाईल वाजला. किटामधून, मुलीच्या पाळणाघरातून, फोन होता. देवश्रीला ताप भरलाय, लगेच घेऊन जा.

"गूट, ठीक आहे, मी निघते," असं ती फोनमध्ये सांगत होती, पर्स शोधत होती, तेव्हा हाफनर हळूच म्हणाला, "फ्राऊ सबनीस, एक विचारायचं होतं. समजा, एखादी गोळी काही दिवस राहून गेली. तर पुन्हा सुरू करताना तीच घ्यायची ना? जी लिहिलीय तीच?"

"हो, अगदी," ऊर्मिला म्हणाली. "जी लिहिलीय तीच." आणि पाकीट त्याच्या हातात देऊन तिने कोट चढवला.

शुक्रवारच्या गर्दीत किटाला पोचायलाच तिला दीड तास गेला. देवश्रीला गाडीत मागच्या सीटवर बसवून, पट्टा लावून ती नदीकाठच्या रस्त्याला लागली. चार वर्षांची पोर डोळे मिटून पडली होती. "पाणी हवंय का गं राणी?" या प्रश्नाला तिने फक्त "नाइन", नको, म्हटलं. ऊर्मिला मनात तापाच्या औषधाचं माप मोजत होती. वजन चौदा किलो, म्हणजे किती द्यायचं. मात्रेचा विचार चालू होता आणि त्या विचाराच्या पाठोपाठ हाफनरचा प्रश्न तिच्या कानात पुन्हा उमटला.

समजा, एखादी गोळी काही दिवस राहून गेली.

त्याने हे का विचारलं?

वॉर्डात गोळी राहून जात नाही. नर्स हातात देते, समोर घ्यायला लावते. राहून जात नाही, पण जिभेखाली ठेवून नंतर थुंकता येते. बीपी कमी होत नव्हतं. स्वप्नं थांबत नव्हती. दोन महिने तो ती गोळी घेतच नव्हता! आणि न घेतलेल्या गोळीची मात्रा ती वाढवत गेली होती.

आता तो ती घेणार होता. आठ मिलिग्रॅम, एकदम. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. शरीराला तिची सवय हळूहळू लावावी लागते, म्हणून अगदी थोड्यापासून सुरुवात करतात. मध्ये खंड पडला तर पुन्हा तळापासून चढायचं, हे तिने किती पेशंटना बजावून सांगितलं होतं. नाहीतर माणूस बसला असेल तोवर ठीक, उठून उभा राहिला की रक्त पायात उतरतं आणि तो जागच्या जागी कोसळतो. हाफनर कुठे चालला होता? द्राक्षमळ्यात. नेकारचे मळे म्हणजे डोंगराच्या कडेला दगडी बांध घालून रचलेल्या पायऱ्याच. चढायला कठडा नसलेल्या अरुंद दगडी पायऱ्या. तिथून पडलेला माणूस खाली थेट रस्त्यावर.

तिने गाडी कडेला घेतली आणि झायडेलना फोन लावला. जर्मन व्याकरण तिच्या तोंडात गोळा होऊन बसलं होतं, पण झायडेलना कळलं.

"हेर हाफनरांचा मोबाईल बंद आहे," दोन मिनिटांनी त्यांचा उलट फोन आला. "भावाच्या घरी कोणी उचलत नाही. तोडणी चालू आहे, सगळे मळ्यात असतील. मी इथून लावत राहते. गाव तुझ्या वाटेवरच आहे ना?"

"हो. पण माझी मुलगी आजारी आहे. गाडीत आहे."

"मी तुला जा म्हणणार नाही," झायडेल म्हणाल्या.

ऊर्मिलाने मागे वळून पाहिलं. देवश्रीचे गाल लाल झाले होते. पुढच्या फाट्याला उजवीकडे घर, डावीकडे पुलावरून ते गाव. तिने रुपेशला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता, उचलला नाही. 'हाफनरने अजून घेतली नसेल,' ती स्वतःशी म्हणाली. 'संध्याकाळची गोळी आहे, संध्याकाळीच घेईल.' पण या स्वतःशी म्हणण्यावर तिचा आता विश्वास उरला नव्हता. ती डावीकडे वळली.

भावाचं घर सापडायला वेळ लागला नाही; अंगणात द्राक्षांचे क्रेट रचलेले होते आणि गाळायच्या यंत्राचा आवाज येत होता. भावाची बायको ओले हात पुसत बाहेर आली.

"योर्ग? तो वर मळ्यात आहे. तासाभरापूर्वीच गेला, क्रेट भरायला. का हो, काय झालं?"

"त्यांनी इथे काही गोळी घेतली का?"

"घेतली ना. कॉफीबरोबर. म्हणाला, आज रात्री कुणाला ओरडून उठवायचं नाही, पोरं घरात आहेत."

तासाभरापूर्वी. म्हणजे जोर आत्ताच चढत असणार. तिने देवश्रीला उचलून त्या बाईच्या हातात दिलं. "हिला ताप आहे. मी इस्पितळातून आलेय. प्लीज, हिला जरा सांभाळा आणि रुग्णवाहिकेसाठी एकशे बारावर फोन करा. म्हणावं, रक्तदाब एकदम खाली आलाय, माणूस मळ्यात आहे."

देवश्रीने मान वर करून बघितलं. "आई, वो गेएस्ट डू हिन?" कुठे चाललीस, ती विचारत होती.

"आत्ता येते हं सोनू. ही मावशी आहे ना तुझ्याजवळ," ऊर्मिला म्हणाली आणि धावली.

पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच होत्या. दगड द्राक्षांच्या रसाने निसरडे झाले होते. इस्पितळातले सपाट बूट घसरत होते. तिसऱ्या बांधावर तिचा श्वास संपला, पण वर, बऱ्याच वर, तिला निळं जाकीट दिसलं. हाफनर बांधाच्या काठाशी वाकून कात्रीने घड कापत होता. आता हाक मारली तर तो ताडकन उभा राहून खाली बघणार. न मारली तर तो केव्हाही आपणहून उभा राहणार. ऊर्मिला तशीच चढत राहिली. अगदी जवळ पोचल्यावर शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "हेर हाफनर, मी आहे, सबनीस. उठू नका. आहात तसेच खाली बसा."

त्याने मान वळवली. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता, कपाळावर घाम. "तुम्ही इथे?" तो म्हणाला आणि सवयीने, समोर बाई आली म्हणून, उठायला गेला.

पुरता उभा राहायच्या आतच त्याचे डोळे फिरले. ऊर्मिलाने दोन्ही हातांनी जाकीट धरलं आणि सगळं वजन मागे, डोंगराच्या बाजूला टाकलं. तो तिच्यावर आडवा पडला. तिचं कोपर दगडावर आपटलं, कात्री खणखणत खाली गेली. खालच्या बांधावर, मग त्याच्या खालच्या.

तिने त्याला सरळ झोपवलं, पाय एका पालथ्या क्रेटवर ठेवले, नाडी शोधली. लागत होती, पण बारीक. "हेर हाफनर! ऐकू येतंय?" ती हाका मारत राहिली. अखेर त्याने डोळे उघडले.

"गोळी," तो म्हणाला.

"हो. गोळीच. हलू नका, डोकं उचलू नका. माणसं येतायत."

तिने आपला कोट काढून त्याच्यावर घातला. खाली नदीवरून एक मालबोट संथ चालली होती.

"तुम्ही ती कधीच घेतली नाही ना?" तिने विचारलं.

"पहिले चार दिवस घेतली." मग तो म्हणाला, "चारही रात्री शांत झोपलो. मार्को आला नाही."

ऊर्मिलाने त्याच्या अंगावरचा कोट नीट केला.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं, स्वप्नात तो मरतो म्हणून मी ओरडतो. तो मरतोच. पण त्याच्या आधी आम्ही गाडीत असतो. तो बडबडतो, फालतू विनोद सांगतो. त्याचा आवाज मला जागेपणी आठवत नाही हो, फ्राऊ सबनीस. फक्त तिथे ऐकू येतो. ती गोळी घेतली की तोही जातो."

"मग आज का घेतलीत?"

"भावाची पोरं आहेत घरात. गेल्या खेपेला धाकटा घाबरून रडला होता."

दोन महिने ती या माणसाच्या रक्तदाबाचे आकडे पाहत होती, आणि स्वप्नात काय दिसतं हे एकदाही विचारलं नव्हतं. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत आणि मी नीट ऐकलंच नाही."

"तुमचा फोन आला होता," तो म्हणाला. समजूत घातल्यासारखं.

रुग्णवाहिकेतली माणसं पायऱ्या चढून वर आली. दाब सत्तर-चाळीस भरला. त्यांनी हाताला सलाइन लावली. स्ट्रेचर त्या पायऱ्यांवरून नेणं अशक्य होतं, तेव्हा भावाने द्राक्षं वाहायची गाडी वर आणली. एका दातेरी रुळावरून तोफेसारखा आवाज करत चढणारी, इंजिन लावलेली ती छोटी गाडी होती. क्रेट काढून त्यांनी हाफनरला तिच्यात आडवं बांधलं. आवाज सुरू झाला तसा त्याचा हात गाडीच्या कडेवर घट्ट आवळला. ऊर्मिलाने त्यावर आपला हात ठेवला आणि उतरणाऱ्या गाडीबरोबर एकेक पायरी उतरत राहिली.

खाली अंगणात रुपेश उभा होता, देवश्रीला खांद्यावर घेऊन. झायडेलचा फोन अखेर भावाच्या बायकोने उचलला होता आणि त्यांनी रुपेशला कळवलं होतं. त्याने ऊर्मिलाच्या फाटलेल्या बाहीकडे, रक्ताळलेल्या कोपराकडे पाहिलं. "चल," एवढंच म्हणाला, "हिचा ताप उतरलाय थोडा. मावशींनी लिंबाचा चहा पाजला."

सोमवारी ऊर्मिलाने झायडेलना घडलेलं सगळं सांगितलं, आपलं "जी लिहिलीय तीच" हेसुद्धा. रात्रभर तिला झोप नव्हती. परवाना जाईल, नोकरी जाईल, इथवर विचार पोचले होते. झायडेलनी हाफनरची फाईल उघडली.

"हे वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण आपण दोघींनी मिळून मात्रा वाढवली, ऊर्मिला. आणि ते गोळी का घेत नसतील, हे दोघींपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. चल, आता विचारू."

त्या दुपारी तिघं बसली. गोळी पुन्हा तळापासून सुरू करायची की नाही, हे हाफनरने ठरवायचं होतं. त्याने आठवडाभर मागून घेतला. त्या आठवड्यात रात्री ओरडणं चालूच राहिलं, आणि रोज सकाळी ऊर्मिला नर्सकडून ते ऐकत राहिली. आपण त्याला गोळी घ्यायला लावायला हवं होतं का? की दोन महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतं? वॉर्डात मात्र एक नवी गोष्ट सुरू झाली. मानसोपचाराच्या तासाला हाफनर मार्कोचे विनोद सांगू लागला, आधी अडखळत, मग त्याच्या लकबीत. एकदा ऊर्मिलालाही एक सांगितला. तिला तो पुरता कळला नाही, तरी ती हसली, आणि हाफनरही.

आठवड्यानंतर त्याने सगळ्यात लहान गोळी मागितली. ऊर्मिलाने ती स्वतः नेऊन दिली. त्याने पाण्याबरोबर घेतली आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून दाखवायला लागला.

"नको," ती म्हणाली. "दाखवायचं नाही. नाही घ्यावीशी वाटली तर मला येऊन सांगायचं. केव्हाही."

"आणि मार्को आलाच नाही तर?"

"मला माहीत नाही," ऊर्मिला म्हणाली. ती खुर्ची ओढून बसली, आणि उद्या उठताना आधी पलंगाच्या काठावर थोडा वेळ बसायचं, मगच पाय जमिनीला लावायचे, हे तिने त्याला सावकाश समजावून सांगितलं.